भांडणाचा तास

"चार आठवड्यांत लोनचंबी मुरत न्हाई, मानूस कुठून बरा व्हतोय?"

मला दवाखान्यात सोडायला आलेल्या माझ्या सासूने हे माझ्यादेखतच विचारलं होतं. मी त्यांना आत्या म्हणते. त्या दुष्ट नाहीत हो, फक्त मनात आलेलं त्यांच्या तोंडात पळभर थांबत नाही. माझं नेमकं उलट होतं. माझ्या मनातलं मनातच साठायचं आणि बाहेर फक्त दोन शब्द पडायचे. त्या दिवशीही तेच पडले. मी म्हटलं, "ठीक आहे."

टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे इथे चालत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर चिंच आहे. तिला एक फेरी मारून ये, मग नाव लिहून घेते."

ही आमची पहिली भेट. मी डोकं फिरलं म्हणून तिथे आले होते आणि पाच मिनिटांत माझी खात्री पटली की ह्या बाईंचं माझ्यापेक्षा जास्त फिरलंय. आज नऊ वर्षं झाली, माझं मत फारसं बदललेलं नाही.

दवाखाना नगरातलाच, जुन्या दगडी कंपाउंडमधला, एका ट्रस्टने चालवलेला. मागच्या अंगाला दहा खाटांचा छोटा वॉर्ड होता, मनाच्या आजाराचा. अठ्ठावीस दिवस राहायचं, एकोणतिसाव्या दिवशी खाट रिकामी करायची. सकाळी डॉक्टर येऊन गोळ्या बघून जायचे. उरलेला सगळा दिवस बाईंचा. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहिलं होतं, पण तो शब्द कुणाच्याच तोंडात बसत नव्हता. त्या आधी शाळेत शिकवायच्या, चाळिशीत पुन्हा कॉलेजात जाऊन ही विद्या शिकल्या. त्यामुळे सगळ्यांच्या त्या बाईच.

उंची बेताची, अंगाने काडी. मनगटावर वडिलांचं जुनं पुरुषी घड्याळ, ते सारखं कोपरापर्यंत घसरायचं. आणि काखेत बारा महिने तेरा काळ हिरवी छत्री. नगरला पाऊस किती पडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ती छत्री उघडलेली मी क्वचितच पाहिली. तिचा उपयोग माणसाकडे रोखून प्रश्न विचारण्यासाठी.

रोज सकाळी त्या कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दहा मिनिटं घासाघीस करायच्या. भाजीवाली घायकुतीला येऊन भाव उतरवायची आणि मग बाई तिला पहिला भावच देऊन निघून यायच्या. एकदा मी सोबत होते. मी म्हटलं, "अहो बाई, मग एवढा वाद कशाला घातलात?" तर म्हणाल्या, "व्यायाम. सकाळी सकाळी घसा मोकळा झालेला बरा असतो."

भाजीवाली मला हळूच म्हणाली, "डोस्क्याच्या दवाखान्यातल्या हायेत ना? मंग बरोबर हाय."

आता माझं काय झालं होतं ते सांगते. मी नागापूरच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाईनवर आहे, तेव्हाही होते. लाईनवर सुपरवायझरची चूक माझ्या नावावर गेली, मी म्हटलं ठीक आहे. घरी पाहुणे आले, रजा मीच टाकायची, ठीक आहे. पाय दुखतायत? काही नाही. तू जेवलीस का? हो हो, काही नाही. असं आठ वर्षं चाललं. मग एका सकाळी लाईनवर वायर हातात घेतली आणि ती कुठल्या भोकात घालायची तेच सुचेना. रोज हजार वेळा केलेलं काम! हात तसाच हवेत राहिला. पोरींनी मला उचलून घरी आणलं आणि त्यानंतर अकरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. रडू येत नव्हतं की झोप. माझा मोठा भाऊ आला, मला पाहून बाहेर गेला, डोळे पुसून परत आला आणि त्यानेच ह्या दवाखान्याचा पत्ता काढला.

बाईंचं निदान सोपं होतं. डॉक्टरांचं कागदावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, पण बाईंनी दुसऱ्याच दिवशी छत्री रोखून विचारलं, "तू शेवटचं भांडलीस कधी?"

मी विचार केला. खूप केला. म्हटलं, "शाळेत. आठवीत बहुतेक."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "लईच तुंबलंय की!"

एरवी त्या शुद्ध बोलायच्या. फार आनंद झाला किंवा फार काळजी वाटली की त्यांची भाषा खाली उतरून आमच्यात येऊन बसायची.

तर भांडणाचा तास. चार ते पाच, व्हरांड्यात, रोज. रविवारी बाई चर्चला जाऊन आल्यावरसुद्धा. नियम भिंतीवर खडूने लिहिलेले होते. शिवी नाही, कुणाचे आईबाप काढायचे नाहीत, हात उचलायचा नाही, मध्येच उठून जायचं नाही. एका भांडणाला एकच विषय. आणि शेवटचा, खाली दोन रेघा मारलेला: भांडण झाल्यावर दोघांनी एकत्र चहा घ्यायचा, चहा टाळला तर भांडण धरलं जाणार नाही.

आणि 'ठीक आहे', 'काही नाही', 'राहू द्या' ह्या तिन्हींना चिंचेची एकेक फेरी. पहिल्या आठवड्यात मी इतक्या फेऱ्या मारल्या की चिंचेभोवती पायवाट पडली असेल. पण एक सांगते, त्या फेऱ्यांनी मला झोप लागायला लागली.

माझी जोडी लावली चाचांशी. चाचा भिंगारचे, गाद्या भरायचा धंदा, वय साठ. त्यांच्या मुलांनी दुकान हळूहळू ताब्यात घेतलं होतं. चाचा काहीही विचारायला गेले की मुलं म्हणायची, "अब्बा, नंतर बघू." नंतर नंतर करता चाचांनी विचारणंच सोडलं, मग बोलणं, मग खाणं. विषय काय द्यावा, तर पंखा. व्हरांड्यात एकच पंखा होता. चाचांना वारं सोसायचं नाही, मला उकडायचं.

"चाचा पंखा बंद करतील," बाई म्हणाल्या. "तू भांड."

चाचांनी पंखा बंद केला. मला दरदरून घाम फुटला. मी म्हटलं, "राहू द्या, वडीलधारे आहेत."

"फेरी!"

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं आणि चाचांनी पंखा बंद करून वर माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, जशी आमचा सुपरवायझर हलवायचा तशी. कुठून आलं माहीत नाही, पण माझा आवाज आला. "चाचा, पंखा चालू राहील."

"क्यूं राहील? मला थंडी वाजते, बेटी."

"मग तुम्ही चादर घ्या! मी कातडं काढून ठेवू का? इथे आल्यापासून मी भाजतेय, घरी भाजतेय, लाईनवर भाजतेय, ती चूक त्या मेल्याची होती, सही माझी घेतली, पाहुणे यांचे, रजा माझी, गेल्या दिवाळीत मला ताप होता तरी करंज्या—"

"विषय एक!" बाई छत्री आपटत ओरडल्या. "पंखा! पंख्यावरच राहा!"

पण त्यांचे डोळे चमकत होते. मी थांबले. चाचांनी उठून पंखा चालू केला, खांद्यावर चादर घेतली आणि म्हणाले, "मेरेकू इतका जोर असता तर पोरांची काय बिशाद होती?" मग आम्ही चहा घेतला. तसा चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. गोड होता की नाही ते आठवत नाही, पण घशाखाली उतरल्याचं कळलं.

घरी सोडायच्या आधी घरच्यांना बोलावून एक खरं भांडण करावं लागायचं. आत्या आल्या, हे आले, खुर्च्यांवर टेकले. माझा विषय मी आठवडाभर घोकला होता. म्हटलं, "आत्या, मी कामावरून आले की अर्धा तास मला कुणी हाक मारायची नाही."

"आन् च्या कोन टाकनार?"

"तुम्ही."

यांनी जमिनीकडे पाहिलं. आत्यांनी बाईंकडे पाहिलं. "बोलायला शिकीवलं व्हय हितं?"

"हो," बाई म्हणाल्या. "दुसरं काहीच शिकवत नाही."

मग चहाची किटली आत्यांनीच ओढून घेतली आणि सगळ्यांना ओतला. माझा कप आधी भरला. मी ते कधी विसरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, बरी झाली. तसं नसतं हो. चार आठवड्यांचं खरं-खोटं चार वर्षांनी कळतं, हे बाईंचंच वाक्य. त्यांच्याकडे एक जाड वही होती, तिच्यात वॉर्डात राहून गेलेल्या प्रत्येकाची एक ओळ. पहिल्या वर्षी दर महिन्याला फोन, मग तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, ज्या दिवशी आपण घरी गेलो त्या तारखेला. फोनवर रामराम नाही, कशी आहेस नाही. तीनच प्रश्न. "झोप? जेवण? भांडण?"

झोप-जेवणाचं उत्तर कसंही दिलं तरी चालायचं. कान असायचे तिसऱ्यावर. कुणाशी भांडलीस, कशावरून, चहा झाला का. भांडण नाही म्हटलं की त्यांना घोर लागायचा. मग त्या ओळीपुढे लिहायच्या, टिकलंय, डगमगतंय, किंवा पडलंय.

सगळे टिकले असं मी म्हणणार नाही. शेवगावकडच्या एका माणसाचा फोन तिसऱ्या वर्षापासून लागत नव्हता. बाई दरवर्षी त्याच्या तारखेला नंबर फिरवायच्या, तिकडचं रेकॉर्ड केलेलं बोलणं पूर्ण ऐकायच्या आणि ओळ रिकामी सोडायच्या. मी एकदा म्हटलं, खोडून का टाकत नाही? तर रागावल्या. "फोन बंद आहे, माणूस नाही."

आणि मी? मी दुसऱ्या वर्षी घसरले. तो अर्धा तास होता ना माझा, तो आधी वीस मिनिटं झाला, मग दहा, मग कधी गेला मलाच कळलं नाही. त्यात फोन आला. झोप, लागते. जेवण, होतं. भांडण?

"नाही बाई. सगळं ठीक आहे."

बाईंनी लगेच विचारलं, "तुझ्या घराजवळ चिंच आहे का?"

"नाही. लाईटचा खांब आहे."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरल्या की गल्लीत! आत्या आतून ओरडल्या, "आगं, त्या छत्रीवाल्या बाई आल्यात!" बाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. मला खांबाकडे नेलं आणि म्हणाल्या, "चालू कर." सगळी गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली फेरी, दुसरी, समोरच्या काकू दळण ठेवून उभ्या. सातव्या फेरीला मी थांबले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "आत्या, माझा अर्धा तास कुठे गेला?"

आत्या दारात आल्या, कमरेवर हात. "मंग मागायचा ना, बया! मला काय सपान पडतंय तुला काय पायजे ते? धा दिस झालं तोंड पाडून बसली, मला वाटलं माझंच काय चुकलं!"

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी चहा घेतला, आणि बाईंनी मला सोबत नेऊन डॉक्टरांनाही दाखवलं. मी मनानेच बंद केलेली गोळी परत सुरू झाली, त्यावरून छत्रीच्या टोकासमोर बोलणी खाल्ली ते वेगळंच. वहीत लिहिलं, डगमगलं, सावरलं.

त्यानंतर सात वर्षं मी टिकले. टिकले म्हणजे काय, लाईनची लीडर झाले. पोरींच्या बाथरूमची कडी तुटली होती, तिच्यावरून मॅनेजरशी भांडले आणि वर त्याला कँटीनचा चहा पाजला. आत्या तर आता शेजाऱ्यांशी वाद झाला की मलाच पुढे करतात. "आमची सून बोलंल," म्हणतात, छाती काढून.

ह्या वर्षी माझी तारीख आली आणि फोन आला नाही.

सकाळपासून मोबाईल ऍप्रनच्या खिशात घेऊन बसले होते. दुपार झाली. जेवणाच्या सुट्टीत मीच लावला. बाईंनी उचलला. माझ्या तोंडून काय निघावं?

"बाई, झोप?"

"लागते गं."

"जेवण?"

"होतं."

"भांडण?"

पलीकडून हळू आवाजात, "काही नाही. सगळं ठीक आहे."

दोन्ही शब्द! एका दमात! मी अर्धी रजा टाकली आणि मिळेल ती रिक्षा पकडून दवाखाना गाठला.

बाई व्हरांड्यात खोक्यांमध्ये वस्तू भरत होत्या. पाच-सहा पेशंट खाटांवर बसून बघत होते. ट्रस्टने वॉर्ड बंद करायचं ठरवलं होतं, तिथे पैसेवाल्यांसाठी स्पेशल खोल्या निघणार होत्या. ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त, सुसंस्कृत माणूस. आवाज कधी चढायचा नाही, सगळं साखरेत घोळून. बैठकीत ते म्हणाले होते, "बाई, चार आठवडे माणूस इथे राहतो, मग घरी जातो. पुढे त्याचं काय होतं कुणाला माहीत? हे समाधान आपल्यापुरतंच नाही का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

बाईंनी खोक्याकडे पाहत सांगितलं, "ठीक आहे म्हणाले." येत्या गुरुवारी शेवटची बैठक होती, बाईंच्या सहीसाठी.

मला इतका संताप आला की मी खोकं उलटं केलं. कप, रजिस्टरं, खडूचे तुकडे, सगळं फरशीवर. "अर्ध्या नगरला बोलायला तोंड दिलंत तुम्ही! आणि स्वतःच्या वेळेला ठीक आहे?"

बाई खाटेच्या कडेला बसल्या. एवढ्याशा दिसत होत्या. म्हणाल्या, "माझे वडील ह्याच कंपाउंडमध्ये शिपाई होते. क्वार्टर इथलं, शाळा इथली, फी माफ. आई सांगायची, आपण ह्यांचं मीठ खाल्लंय, ह्या कंपाउंडात आवाज चढवायचा नाही. सत्तरी आली, चढवला नाही."

"मग आम्हाला कसं हो शिकवलंत?"

"तुम्ही भांडायचात," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला बरं वाटायचं."

मला रडूच फुटलं. पण मी घड्याळात पाहिलं, चारला दहा मिनिटं होती. डोळे पुसले आणि चाचांना फोन लावला. चाचा आता दुकानात परत गल्ल्यावर बसतात, मुलं त्यांना विचारल्याशिवाय कापूस आणत नाहीत. म्हटलं, चाचा, आहात तसे या. आले, दाढीत कापूस घेऊन.

"उठा बाई," मी म्हटलं. "आधी दोन फेऱ्या, दोन शब्दांच्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, छत्री काखेत मारली आणि चिंचेला दोन फेऱ्या घातल्या. खाटांवरचे पेशंट व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभे राहिले.

चाचा झाले सेक्रेटरी. पायावर पाय टाकून खुर्चीत बसले आणि असं मधाळ हसले की मलाच त्यांना मारावंसं वाटलं. आपल्या मुलांकडून शिकलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. "बाई, आपण नंतर बघू."

"आपलं म्हणणं योग्यच आहे," बाई म्हणाल्या, "तरी एक नम्र विनंती—"

"बाई, हे क्या भांडण हुआ? हे तर अर्ज हुआ!"

"फेरी!" मी ओरडले. आणि काय सांगू, कठड्यावरून एक पेशंट, जी दोन आठवड्यांपासून कुणाशी बोलली नव्हती म्हणे, तीही बारीक आवाजात म्हणाली, "फेरी."

बुधवारपर्यंत रोज चार ते पाच हेच चाललं. मी कामावरून थेट यायचे. बुधवारी चाचा अठराव्यांदा म्हणाले, "नंतर बघू," आणि बाईंची छत्री फरशीवर अशी आपटली की तिची मूठच निसटली. "नंतर म्हणजे कधी? तारीख सांगा!"

चाचा खुर्चीतून उडालेच. मग म्हणाले, "बस. अब जाओ."

गुरुवारी मी कारखान्याच्या ऍप्रनमध्येच गेले. बैठकीच्या दालनाचं दार उघडं होतं. मी आणि चाचा बाहेर बाकावर. आत लांब टेबल, मध्ये अध्यक्षबाई, म्हणजे एक म्हाताऱ्या डॉक्टर, बाजूला सेक्रेटरी.

"बाई, सही तेवढी राहिली आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"सही नाही करणार," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण होता.

सेक्रेटरी हसले. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, चार आठवड्यांनी माणूस घरी जातो, पुढे काय होतं कुणाला माहीत? बाईंनी वही टेबलावर ठेवली. "मला माहीत आहे. ह्यात आहे."

सेक्रेटरींनी हात पुढे केला. "बघू."

बाईंनी वही परत छातीशी धरली. "नाही. ह्यात लोकांची नावं आहेत. ती तुमच्यासाठी नाहीत."

"मग पुरावा कसला?"

मला राहवेना. मी सरळ आत गेले. "पुरावा मी! नऊ वर्षं झाली!"

सेक्रेटरी दचकले, पण लगेच मऊ आवाजात म्हणाले, "बसा ताई. आता कसं वाटतंय तुम्हाला?"

"तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. आमच्या लाईनवरच्या एकेका पोरीला—"

"विषय एक!" बाईंनी मला गप्प केलं. छत्रीने मला मागे सारलं आणि म्हणाल्या, "माझं भांडण आहे. मला भांडू दे."

आणि मग त्या कंपाउंडात, जिथे त्यांचे वडील लोकांसाठी दारं उघडायचे, तिथे बाईंचा आवाज चढला. दालनाच्या काचा हलल्या म्हणणार नाही, पण बाहेर केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"चार आठवड्यांत माणूस बरा होत नाही, हे तुमच्या आधी मला माहीत आहे! हिच्या सासूनेही मला तेच सांगितलं होतं. चार आठवडे शिकायला लागतात. पुढची वर्षं कुणीतरी विचारायला लागतं. विचारलं तर टिकतं. मी इतकी वर्षं विचारतेय. काही पडले, त्यांनाही विचारतेय. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, की नुसतंच म्हणता, कुणाला माहीत? खोल्या बांधायच्यात तर समोरची अर्धी इमारत रिकामी पडली आहे, तिथे बांधा. माझ्या वॉर्डातली एक खाट हलणार नाही!"

"बाई, आपण नंतर—"

"नंतर म्हणजे कधी? तारीख सांगा!"

बाहेरून चाचांचा आवाज आला, "शाब्बास!"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. कागद स्वतःकडे ओढला, मधोमध आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "वॉर्ड राहील. पण पुढच्या वर्षी ह्याच दिवशी मी विचारणार, टिकलं का."

"विचाराच," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "दरवर्षी विचारा."

सेक्रेटरी कागद गोळा करून उठले. चेहरा उतरला होता, पण नमस्कार मात्र व्यवस्थित केला. दारापर्यंत गेले असतील तोच मागून बाईंचा आवाज आला, "कुठे निघालात? चहा व्हायचाय. चहा टाळला तर भांडण धरलं जाणार नाही."

ते परत येऊन बसले. दुसरं काय करणार? चहा बाईंनीच ओतला, त्यांचा कप आधी भरला. चाचांनी बशीत ओतून फुर्र करून घेतला. सेक्रेटरींनी दुसरा घोट घेतला आणि खाली बघत म्हणाले, "माझा मुलगाही घरात हल्ली काही बोलत नाही." बाईंनी छत्री हळूच त्यांच्याकडे वळवली आणि विचारलं, "तुम्ही त्याच्याशी शेवटचं भांडलात कधी?"

निघताना मी वही मागितली. माझी ओळ काढली, त्या वर्षाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, टिकलंय. मग शेवटचं पान उघडून तिथे एक नवी ओळ आखली आणि बाईंचं नाव घातलं. त्यांनी फक्त घड्याळ कोपरावरून मनगटावर आणलं.

पहिलं वर्ष आहे, म्हणून दर महिन्याला फोन मी करते. परवा केला. झोप बरी आहे म्हणाल्या. जेवणही जातं. मग मी विचारायच्या आतच म्हणाल्या, "आन् भांडनं ह्या महिन्यात लई झाली गं, तीन! तिन्हींचा चहा झाला."